बाजरीचा पाऊस

"अहो, हा पाऊस आहे की गाडीतून खडी उतरवताय?"

गंगाधरपंत मालक तालीम थांबवून थेट रंगमंचावर चढले तेव्हाच मी पुस्तक मिटलं. मंडळीत मी पुस्तक धरायचो, म्हणजे पहिल्या विंगेत बसून विसरलेली वाक्यं नटांना पुरवायचो. त्यामुळे मालकांचं वाक्य पुढे कुठे जाणार हे मला इतरांच्या आधी कळायचं. नायिकेचं काम करणारा रमाकांत पदर सावरत उभा होता, पण डोळे पुरुषाचे होते आणि संतापलेले होते. रानात वाट चुकलेली राजकन्या आईची आठवण काढून पद म्हणते, ते नाटकाचं काळीज होतं. पदाच्या तिसऱ्या ओळीला पावसाची झिमझिम सुरू व्हायची, पद संपेपर्यंत पावसाने ही पायरी सोडायची नाही, आणि मग सर कोसळायची. त्या सकाळी पाऊस पाचव्या ओळीला आला आणि आला तोच धबधबा होऊन. रमाकांतचं तोंड हलताना दिसत होतं, एवढंच.

झाडांच्या नव्या देखाव्यामागे आपल्या लांबड्या पेटीजवळ गुणाजी उभा होता. मालक त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"गुणाजी, रविवारी दिवसाचा खेळ आहे. पद ऐकू आलं नाही तर पाऊस दौलतच्या हातात देईन. मग माझ्या नावाने बोटं मोडू नकोस."

"पंतांनू, बाजरीक ओल लागली हा," गुणाजी म्हणाला. "वाजनाच नाय. म्हणान मी वाटाणे घातलंय."

"वाटाणे? मला वाटलं धोंडे!"

सगळे हसले. दौलतही हसला. लोखंडाचे गोळे फळीवरून घरंगळत सोडून गडगडाट करायचा हे त्याचं काम. गुणाजी मात्र मालकांच्या तोंडाकडे एकटक बघत होता. तो नेहमीच समोरच्याच्या तोंडाकडे असा बघायचा. मला वाटायचं, हा माणूस माझ्या शब्दाला फार मान देतो. मंडळीत दुसरं कोणी देत नसल्यामुळे मला ते आवडायचंही.

गुणाजी आमच्याकडे आला त्याला सात वर्षं झाली होती. त्याआधी चौदा वर्षं तो परळच्या एका गिरणीत साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर होता. हाताच्या दोन बोटांची पेरं पट्ट्यात गेली आणि गिरणीने त्याला घरी बसवलं. दौलतच्या ओळखीने तो मंडळीत पडदे ओढायला लागला. तेव्हा पंतांच्या डोक्यात खऱ्या पाण्याच्या पावसाचं वेड होतं. वर भोकं पाडलेला पत्र्याचा नळ बसवला होता. पहिल्याच खेळाला राजा पाय घसरून प्रधानावर पडला आणि पुढची रांग भिजून उठून गेली. तेव्हा हा पडदे ओढणारा गडी पुढे होऊन म्हणाला होता, "पाणी दिसता, पण पावसासारखा वाजना नाय. नळ सोडल्यासारखा वाजता. पावस वाजूक बाजरी व्हयी."

मग त्याने ती पेटी केली. माणसाच्या उंचीची, आत तिरके खिळे ठोकलेली, मधोमध आसावर फिरणारी. बाजरी घातली की झिमझिम, हरभरे घातले की सर, वाटाणे घातले की मुसळधार. पेटी किती कलती करायची, कुठे थांबवायची आणि कुठे नुसती थरथरवायची, हे सगळं त्याच्या मनगटात होतं. पाऊस कौलांवर पडतो तेव्हा वेगळा आणि पानांवर पडतो तेव्हा वेगळा, हे मी कोकणात जन्मूनही त्याच्या पेटीपासून शिकलो. छत्री घेऊन न आल्याबद्दल प्रेक्षक हळहळताना मी ऐकले आहेत, तेही वैशाखात. जाहिरातीत नटांची नावं असत. पावसाचं नाव कोण छापणार?

गेल्या वर्षभरात मात्र त्याचा पाऊस वाढत चालला होता. बाजरीत हरभरे आले, हरभऱ्यांत वाटाणे आले. आम्ही म्हणायचो, गुणाजीला गर्व चढला, त्याला आता पदापेक्षा पाऊस मोठा वाटतो. हे बोलणाऱ्यांत मीही होतो. आज त्याची लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी तालीम नव्हती. पंतांनी मला गुणाजीची समजूत घालायला पाठवलं. भायखळ्यापर्यंत घोड्यांच्या ट्रामने आणि पुढे पायी मी लालबागला त्याच्या चाळीत पोचलो. जिना चढतानाच वर भांडण जुंपलंय असं वाटलं. भांडण नव्हतं. सगळा माळा साचेखात्यातल्या माणसांचा, आणि ती माणसं एकमेकांना 'जेवलास काय' हेसुद्धा ओरडून विचारत होती, तोंडं मोठी करून, हातवारे करून. साच्यांच्या खडखडाटात असंच बोलावं लागतं. ती सवय घरी येऊनही सुटत नव्हती.

गुणाजीची बायको शेवंती चुलीपुढे बसून मोठ्या कढईत बाजरी भाजत होती. घरात बाजरी कोणी खात नसे. ती फक्त पावसासाठी यायची.

"तिसऱ्यांदा भाजतंय, मास्तर," ती वैतागून म्हणाली. "म्हणतत, ओल जाऊक नाय. आता जळून कोळसो होतलो!"

गुणाजीने मूठभर बाजरी पितळेच्या ताटात सोडली आणि कान खाली नेला. माझ्या कानाला ती इतकी स्वच्छ वाजली की अंगावर काटा आला. गुणाजीने मान हलवली.

"बघा. मुकी झाली हा."

चुलीचा धूर डोळ्यांत गेला म्हणून उपरणं नाकातोंडावर धरलं आणि त्यातूनच म्हणालो, "गुणाजी, वाजतेय की. चांगली वाजतेय."

तो माझ्याकडे बघत राहिला. माझ्या डोळ्यांकडे, मग उपरण्याकडे.

"तोंडावरचा ता काढा," तो म्हणाला. "काय म्हणतास?"

मी उपरणं काढणार होतो, पण हात तिथेच राहिला. उपरण्याआडूनच पुन्हा म्हणालो, या वेळी मोठ्याने, "वाजतेय, गुणाजी."

शेवंतीचा कालथा थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. गुणाजीच्या चेहऱ्यावरची शीर न् शीर ताणली गेली होती. मी उपरणं खाली केलं आणि तेच पुन्हा म्हणालो. त्याने ताटातली बाजरी पुन्हा मुठीत घेतली, पुन्हा सोडली. मग बायकोकडे वळला.

"वाजता?"

तिने मान डोलावली.

"कधीपासून वाजता?"

"वाजताच हा," ती म्हणाली आणि पदर तोंडाशी नेता नेता थांबली, कारण मग त्याला तिचे ओठ दिसले नसते. मग माझ्याकडे वळून पुटपुटली, "आमच्या माळ्यार सगळे असेच, मास्तर. चौदा वर्सा साच्यार काढल्यानी. कानांचा कोण मनावर घेता?"

खरंच होतं ते. जिथे सगळेच ओरडतात आणि सगळेच तोंडाकडे बघतात, तिथे एकाचं ऐकू येणं कमी होत चाललंय हे कळणार कसं? त्याचं त्यालाही कळलं नव्हतं. रंगमंचावर तो इतकी वर्षं रमाकांतच्या ओठांवरून पाऊस सुरू करत होता. झाडांचा नवा देखावा मध्ये आला आणि ओठ दिसेनासे झाले.

"माका आधी कोणी कित्याक सांगूक नाय?" गुणाजीने विचारलं. कोणालाही उद्देशून नव्हे. पण मला ते लागलं.

मी घाईघाईने तोडगा काढला. माझ्या विंगेतून त्याच्या मनगटाला दोरी बांधू. तिसऱ्या ओळीला मी ओढेन. पंतांना कळायचंही कारण नाही.

तो हसला. सात वर्षांत मी त्याला इतकं वाईट हसताना पाहिलं नव्हतं. "दोरीन पावस कधी सुरू करूचो ता कळात, मास्तर. कितको पाडूचो, ता कोण सांगात? वाटाणो हाताक कळता. बाजरी नाय कळणा. आणि त्या पोरीच्या गाण्याक बाजरीच व्हयी."

त्याच्या लेखी रमाकांत मिशा काढलेला बाप्या नव्हता. ती रानात भिजणारी पोर होती.

दुसऱ्या दिवशी तो सगळ्यांच्या आधी थिएटरात आला आणि पंतांना स्वतःच सांगितलं. पंत बोलायला तिखट असले तरी मनाने खुजे नव्हते. मग एवढंच म्हणाले, "शिकव दौलतला."

तीन दिवस गुणाजी दौलतच्या मागे उभा राहून, आपले हात त्याच्या हातांवर ठेवून पेटी फिरवत होता. दौलत गोळे सोडणारा माणूस, त्याला हळू हे ठाऊकच नव्हतं. "दादा, किती नाजूक रे! कोण ऐकणार हे?" तो कुरकुरायचा. गुणाजी तेवढ्यापुरता पुढे येऊन त्याचं तोंड बघायचा आणि म्हणायचा, "ऐकतत. तू पाड." शिकवून झालं की तो बाजूला होऊन माझ्याकडे बघे. मी बोटांनी खूण करे, जास्त झाला किंवा कमी झाला. स्वतःच्या पावसाची खबर त्याला माझ्याकडून घ्यावी लागत होती, आणि ती देताना मला माझ्या बोटांचा राग यायचा.

रविवारी थिएटर भरलं. पंतांनी गुणाजीला आत थांबू दिलं नाही. पहिल्या रांगेत कडेची खुर्ची त्याच्यासाठी ठेवली. सात वर्षांत त्याने नाटक समोरून कधी पाहिलंच नव्हतं. धुतलेला सदरा घालून तो अवघडून बसला होता, परक्याच्या लग्नात बसावं तसा.

रानाचा प्रवेश आला. गॅसचे दिवे बारीक झाले. रमाकांतने पद उचललं आणि तिसऱ्या ओळीला, अगदी शब्दावर, बाजरी वाजली. मी सुटकेचा श्वास टाकून विंगेतून पहिल्या रांगेकडे पाहिलं. गुणाजी नाटकाकडे बघत नव्हता. खुर्चीत उलटा वळून तो माणसांकडे बघत होता.

तो एकेक चेहरा वाचत होता. बराच वेळ. तिसऱ्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने पद ऐकायला हाताचा पंजा कानामागे धरला, शेजारचाही किंचित पुढे झुकला. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. गुणाजीला वाटलं. तो झटकन वळला, अंधारात माझी विंग शोधली आणि हात पुढे करून तळवा सावकाश खाली दाबला. त्याचे ओठ हलले. आवाज माझ्यापर्यंत येणं शक्य नव्हतं, पण ओठ मला वाचता आले. थोडो कमी.

मी मागे वळून दौलतला खूण केली. दौलतने पेटी सावरली. पाऊस पातळ झाला, आणि त्यातून रमाकांतचा आवाज असा वर आला की पायपेटीवाल्याने मान उचलून पाहिलं. म्हाताऱ्याने कानामागचा हात खाली घेतला. गुणाजीने तो हात खाली जाताना पाहिला आणि पुन्हा माझ्याकडे वळला. तळवा तसाच धरलेला, आता हे असंच राहू दे, म्हणून सांगणारा.

पद संपलं. सर कोसळली, दौलतच्या जागी उभ्या केलेल्या गड्याने सोडलेले गोळे गडगडले, हळूहळू तेही थांबलं. रानात शांतता झाली आणि सगळं थिएटर श्वास धरून बसलं. रमाकांत पाठमोरा बसला होता, त्याचे ओठ कोणालाच दिसत नव्हते.

पाऊस केव्हाच थांबला होता. पहिल्या रांगेत गुणाजीने तळवा अजून तसाच धरला होता, आणि तो खाली घे म्हणून खूण करायला मला हात उचलवत नव्हता.