तीनदा बरा झालेला पाय

मित्रांनो, मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे. जिल्हा रुग्णालयाच्या दाराशी उभी असते. डावे चाक कुरकुरते, बसायचे कापड एकदा बदलले आहे. पण नवी होते तेव्हाचा माझा तोरा काही विचारू नका.

घरी निघालेल्या पेशंटला वॉर्डातले मामा माझ्यावर बसवून फाटकापर्यंत सोडत. फाटकाबाहेर गेला की तो बरा झाला, असा इथला हिशेब होता. मीही त्यावर खूश होते.

मग शिवणकाम करणाऱ्या मावशी आल्या. साखरेच्या आजारामुळे त्यांच्या तळपायाला जखम झाली होती. त्यांचे मशीन पायाने चालणारे. जखम भरत आली की घरी सोडायचे, आणि थोड्याच दिवसांत त्या परत माझ्यावर. तिसऱ्या खेपेला मोठे डॉक्टर म्हणाले, पाय कापावा लागेल. त्या दिवशी मावशी मला फार जड वाटल्या.

त्याच सुमारास रुग्णालयाच्या कामाची पाहणी करायला एक डॉक्टरबाई आल्या. तोवर माझे बसायचे कापड फाटले होते. मामांनी ते घाईघाईने चादरीखाली झाकले आणि मावशींना वर बसवले.

"बहुतेक पेशंट बरे होऊन जातात," सिस्टर म्हणाल्या.

"आणि परत येतात ते?"

"त्यांना नवीन पेशंट धरतो, मॅडम."

मावशी म्हणाल्या, "म्हणजे माझा पाय तीनदा बरा झाला म्हणा की. मग आता कापताय कशाला?"

मावशींची लेक शेजारीच उभी होती. बाईंनी विचारले, "घरी जखम कोण धुतं?"

"मीच," मावशींची लेक म्हणाली. "पण कशी धुवायची ते कुणी दाखवलंच नाही."

मोठ्या डॉक्टरांनी थोडे दिवस वाट पाहायचे कबूल केले. सिस्टरनी लेकीला शेजारी बसवून पट्टी बांधायला शिकवले. मावशी घरी गेल्यावरही फोन करून पायाची चौकशी होऊ लागली. मी मात्र फाटकाकडे डोळे लावून होते. त्या पुन्हा आल्या तर माझ्यावरच बसून येणार, ही धास्ती होती.

एके सकाळी त्या आल्या. जरा लंगडत, पण चालत. मामा मला घेऊन पुढे धावले.

"बसा मावशी."

"नको रे बाबा. तिच्यासाठीच आणलंय काहीतरी."

त्यांनी पिशवीतून माझ्यासाठी शिवलेले नवे कापड काढले. टाके कसे सरळ होते. त्याच मशीनवर, त्याच पायाने घातलेले. माझा जीव भांड्यात पडला.

मित्रांनो, माझ्या चाकात अधूनमधून तेल घाला. आणि कोणी दवाखान्यातून घरी आले, तर काही दिवसांनी त्याच्याकडे जाऊन विचारा, आता कसे आहे म्हणून. मावशी त्या दिवशी फाटकापर्यंत चालत गेल्या. मी नव्या कापडात रिकामीच उभी होते. इतके हलके मला कधी वाटले नव्हते.