चौथ्या पायाचा जोड

"अवो, माझी कळशी खंय दिसणा नाय," मालन मान वर करून म्हणाली. "तुमका दिसता काय?"

दशरथ घाडी कळशी शोधतच नव्हता. त्याची नजर चौथ्या पायाच्या वरच्या टोकाला खिळली होती, जिथे तो लोखंडी पाइप माथ्यावरच्या जाळीला जोडला होता. तिथल्या तांबड्या रंगावर एक रेघ उमटली होती. केसाएवढी. दुसऱ्या कुणाला तो कोळ्याच्या जाळ्यातला धागा वाटला असता.

फेब्रुवारी शहाऐंशीतला रविवार होता, संध्याकाळचे साडेचार वाजले होते. घाटकोपरच्या भटवाडीतल्या त्या मैदानात अठरा फूट उंचीवर लोखंडी जाळी उभी होती, आणि तिला तारांनी चारशेच्या वर भांडी टांगली होती. पातेली, तांबे, पराती, डबे, कळशा. वारा आला की सगळी मिळून बारीक किणकिणत. त्यांच्याखाली पालिकेच्या शाळेतल्या तीस मुली हातात फुलांची तबकं घेऊन दोन रांगांत उभ्या होत्या. पाच वाजता पालिकेतले पाहुणे येणार आणि या रांगांमधून चालत जाणार.

दशरथ पूर्वी मिलमध्ये फिटर होता. संपात मिल बंद पडली ती पुन्हा उघडलीच नाही, आणि पंचेचाळिशीत त्याने मरोळच्या एका वर्कशॉपमध्ये वेल्डिंग धरलं. ग्रिलं, गेटं, जिने. "आमच्या घाडीने मारलेला जोड घणाने सुटायचा नाही," असं वर्कशॉपचा मालक विद्याधर सामंत गिऱ्हाइकांना सांगायचा. मिलने दशरथला जाताना दुसरं काही दिलं नव्हतं, पण हा हात दिला होता. वस्तीतही लोक त्याला त्यासाठीच मानत.

ही जाळी म्हणजे अनुपमा कर्णिक यांची कल्पना. बाई शहरातल्या कॉलेजात चित्रकला शिकवायच्या. कला लोक राहतात तिथे न्यायची, आठ दिवस ठेवायची आणि काढून टाकायची, असं त्यांच्या मनात होतं. सहा महिने त्या भटवाडीत दारोदार फिरल्या आणि प्रत्येक बाईकडे तिचं नाव कोरलेलं एक भांडं मागत राहिल्या. "दारावरच्या पाटीवर पुरुषांचं नाव असतं, तुमचं नाव भांड्यावरच असतं ना?" त्या म्हणायच्या. पहिल्यांदा सगळ्या हसल्या. भांडीवाली आली, म्हणाल्या. मग एकीने दिलं, दुसरीने दिलं. दोनशे भांड्यांचा हिशेब धरून दशरथने लोखंड निवडलं होतं. पण गुरुवारी सांगाडा उभा राहिलेला बघितल्यावर ज्यांनी नाही म्हटलं होतं त्याही धावत आल्या, आणि बाईंनी कुणालाच परत पाठवलं नाही.

पालिकेने आठ दिवसांची परवानगी दिली होती, पण मैदानात खड्डा खणायचा नाही या अटीवर. म्हणून चारी पाय रुंद पत्र्यांवर उभे करून वर वाळूची पोती टाकली होती. तेही चाललं असतं. पण गुरुवारी चौथा पाय जोडताना संध्याकाळ झाली. करंट मंडपवाल्याच्या वायरीवरून घेतला होता. वस्तीत दिवे लागले तसा तो कमी झाला, आणि ठिणगी पुन्हा पुन्हा विझायला लागली. लोखंड लोखंडाला चिकटलं, आत शिरलं नाही. हाताला ते तेव्हाच कळलं होतं. खाली निम्मी वस्ती जमली होती. उत्सव मंडळाचा अध्यक्ष जयवंत परब ओरडला, "झकास, दशरथ! मान गये!" दशरथने वरून तांबडा रंग फिरवला आणि उतरला. सकाळी येऊन पुन्हा मारू, असं त्याने ठरवलं. सकाळी सामंतने त्याला वाकोल्याला एका शाळेच्या गेटावर पाठवलं. शनिवारीही तिथेच, आणि आज दुपारपर्यंतही.

आता त्याने सामंतला गर्दीतून बाजूला घेतलं. "साहेब, चौथ्याचा जोड कच्चा आहे. रंग तडकलाय."

सामंतने वर पाहिलंसुद्धा नाही. "आत्ता? पाहुणे आत्ता येतायत."

"पोरी खाली उभ्या आहेत."

"अर्ध्या तासाचा प्रोग्राम आहे रे. उद्या सकाळी ये, दोन रॉड जास्त मार. चार दिवस उभं राहिलंय ना ते? अर्धा तास राहील." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "आणि कुणाकडे बोलू नकोस. पाहुण्यांच्या हातात तीन शाळांच्या गेटांचं काम आहे."

दशरथ तिथून निघाला तो थेट अनुपमाबाईंकडे गेला. त्या मुलींच्या रांगा सरळ करत होत्या. त्याने सांगितलं तसा त्यांचा चेहरा उतरला.

"पडेल का खरंच?"

"सांगता येत नाही, बाई. आज पडेल. नाहीतर आठ दिवसांत पडायचं पण नाही."

"मग काय करू मी? वॉर्ड ऑफिसच्या किती खेपा घातल्या, तुम्हाला ठाऊक आहे. हे धोक्याचं आहे असं एकदा झालं, तर मला काय, कुणालाच परत परवानगी मिळणार नाही." त्यांनी वर पाहिलं. "पण तुमचा जोड असा कसा होईल, घाडी?"

"करंट कमी होता त्या दिवशी," तो म्हणाला. ते खोटं नव्हतं, पण सगळं खरंही नव्हतं.

"बांबू लावता येतील ना?"

"तासभर जाईल. आधी माणसं बाजूला पाहिजेत."

तेवढ्यात रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला. जयवंत हार घेऊन धावला. ढोलवाल्याने सुरुवात केली. बाई दोन्ही हात एकमेकांत गुंतवून उभ्या राहिल्या.

दशरथ मालनजवळ परत आला. "चौथो जोड माझो," तो पुटपुटला. "कच्चो आसा. माका ठावक होता."

मालनने त्याच्याकडे पाहिलं. चोवीस वर्षांच्या संसारात त्याने आपल्या कामाबद्दल असं कधी म्हटलं नव्हतं. "मगे सांगा ना सगळ्यांका," ती म्हणाली. "हडे उभे काय रवल्यात?"

पश्चिमेकडून वाऱ्याचा मोठा झोत आला. चारशे भांडी एकदम वाजली, लोकांनी टाळ्या पिटल्या, आणि त्या सगळ्या आवाजात दशरथला टिक् असा एक आवाज ऐकू आला. बोट मोडल्यासारखा. बाकी कुणाला तो ऐकू आला नाही.

स्टेजवर माइकपाशी जयवंत "हॅलो, हॅलो" करत होता. दशरथने पायऱ्या चढून माइक त्याच्या हातातून काढून घेतला.

"पोरींना बाहेर काढा," तो म्हणाला. कर्ण्यातून आपलाच आवाज ऐकून तो दचकला. "सगळ्यांनी बाहेर या. चौथा पाय सुटतोय."

एक हसला. मागून दुसरा ओरडला, "चढली काय रे दुपारी?"

"दशरथ, खाली उतर यार," जयवंत दातांतून बोलला. "इज्जत घालवशील वस्तीची. सामंतसाहेब तर म्हणतायत सगळं ओके आहे."

सामंत स्टेजखाली उभा राहून नकाराची मान हलवत होता. पाहुणे गाडीतून उतरून हार घालून घेत होते. मुली जागच्या हलल्या नव्हत्या. दशरथने माइक दोन्ही हातांनी धरला.

"मी दशरथ धोंडू घाडी. तो जोड मी मारलाय. वाईट मारलाय. गुरुवारी मारतानाच मला माहीत होतं. तुम्ही सगळे बघत होता, लाज वाटली, म्हणून वर रंग लावून झाकला. आता मी सांगतोय. पोरींना बाहेर काढा."

ढोल थांबला. शाळेच्या बाईंनी पहिल्या मुलीचं मनगट धरलं आणि ओढत बाहेर नेलं. तबकं खाली पडली. आणि मग अनुपमाबाई आत धावल्या, दोन्ही रांगांच्या मध्ये, "चला, चला, पळा," असं म्हणत. शेवटची मुलगी बाहेर पडेपर्यंत त्या जाळीखालीच होत्या.

पाहुणे थोडा वेळ थांबले, घड्याळ पाहिलं, आणि निघून गेले.

मंडपवाल्याच्या चार बांबूंची टेकणं चौथ्या पायाला बांधून झाल्यावर दशरथ शिडीवर चढला. दुसऱ्या कुणाला त्याने चढू दिलं नाही. एक भांडं या बाजूचं, एक त्या बाजूचं, असं तो सोडवत होता. भार एका अंगाला गेला तर संपलं. दर चार भांड्यांमागे खाली उतरायचं, शिडी हलवायची, पुन्हा चढायचं. खाली मालन उभी राहून भांडं हातात घ्यायची आणि वरचं नाव मोठ्याने वाचायची.

"द्रौपदी सखाराम तावडे! विमला परब!"

जिचं तिने न्यावं. बायका मुकाट्याने पुढे येत होत्या. कुणी दशरथकडे बघत नव्हतं. विमलाबाई, म्हणजे जयवंतची आई, तेवढ्या थांबल्या. पातेलं पदराखाली धरून म्हणाल्या, "माजी नात हुती रांगेत." एवढंच म्हणाल्या आणि गेल्या.

जाळी रिकामी झाली. सांगाडा जसाच्या तसा उभा होता. वाराही पडला होता.

"पडलं का?" जयवंत म्हणाला. "उगाच तमाशा केलास."

सामंत जवळ आला. त्याचा आवाज अगदी शांत होता. "उद्या हे लोखंड उतरवून टेम्पोत घाल. त्याच्यानंतर यायची गरज नाही."

सोमवारी सकाळी दशरथने दोराने जाळी बांधून घेतली, पाय कापले आणि एकेक भाग खाली उतरवला. अनुपमाबाई सात वाजल्यापासून तिथे होत्या. चौथ्या पायाचं टोक जमिनीवर आलं तसं त्या म्हणाल्या, "मला तो जोड बघायचाय."

त्याने छिन्नी लावली आणि हातोडीचा एकच ठोका दिला. जोड उघडला. आत सगळं काळं होतं. एका कडेला तेवढी करंगळीच्या नखाएवढी चकाकी होती. चारशे भांड्यांतला त्या पायाच्या वाट्याचा भार तेवढ्यावरच होता.

बाईंनी त्या चकाकीवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "हे जयवंतना दाखवा. सामंतना दाखवा."

"कशाला? मी सांगितलंच होतं की." त्याने दोन्ही तुकडे टेम्पोत टाकले.

"मुलुंडला एक बाग आहे," त्या थोड्या वेळाने म्हणाल्या. "पुढच्या हिवाळ्यात तिथे करायचं म्हणते. कुणी करू दिलं तर. तुम्ही याल?"

दशरथने फडक्याला हात पुसले. "आधी खड्डा खणायची परवानगी आणा," तो म्हणाला. "आणि जोड मी दिवसाउजेडी मारणार."

टेम्पो गेला. बाईही गेल्या. मैदानात दुपारच्या शाळेआधीचा क्रिकेटचा डाव मांडायला पोरं यायला लागली होती. पाय उभे होते तिथे मातीत चार चौकोनी खळगे पडले होते. धावताना कुणाचा पाय मुरगळेल म्हणून दशरथने पायाने माती ओढून ते भरले, वर पाणी शिंपडलं, टाचेने दाबून बघितले, आणि चौथा नीट बसला नाही म्हणून त्यात आणखी दोन ओंजळी माती घातली.