न बांधलेल्या धरणाने बुडवलेला तलाव

साहेब, माझी पाळ तुम्ही फोडली. पावसाचे नाव पुढे करू नका.

मित्रांनो, मी एक जुना तलाव आहे. वडशापासून चार कोसांवर, जंगलाच्या कडेला पडलो आहे. तुमच्या पणजोबांच्याही आधी लोकांनी डोक्यावर माती वाहून माझी पाळ घातली. मातीची पाळ दर पावसाळ्यात झिजणारच. म्हणून दर वैशाखात घरटी दोन माणसे टोपल्या घेऊन येत आणि भर टाकत. माती न टाकणाऱ्याच्या बांधीला, म्हणजे धानाच्या शेताला, पाणी नाही, असा गावाचा कायदा. माझ्यावर साऱ्या गावाचा धान पिके, ढिवरांना मासोळी मिळे. मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, गेली आणि मी सरकारी झालो, तरी टोपल्या थांबल्या नाहीत.

१९५४ साली हा पाटबंधाऱ्याचा साहेब आला. नकाशा उघडून, नदीवर मोठे धरण होणार, म्हणाला. लटारू नावाच्या शेतकऱ्याने विचारले, "साहेब, औंदा पाळीवर माती टाकाची का नाई?"

"कशाला टाकता? दोन वर्षांत तुमचे गाव पाण्याखाली जाणार."

कुंता ढिवरीण काठावर जाळे झटकत होती. "आन् दोन वर्सं आमी का खावाचं? तुमचा नकाशा?"

लोक हसले. साहेबही हसला. "बाई, धरण झाले की तुझी मजा. पाहिजे तेवढी मासोळी!"

"आन् राहाचं कुठी? मासोळीच्या पोटात?"

साहेब नकाशा गुंडाळून जीपमध्ये बसला.

पण सरकारचा माणूस खोटे कशाला बोलेल, असे लोकांना वाटले. ही त्यांची चूक, मी लपवत नाही. बुडणाऱ्या तलावावर माती कोण टाकणार? तीन वैशाख एक टोपली आली नाही. तिसऱ्या वर्षी श्रावणात, भर दुपारी पाळ फुटली. नुकताच रोवलेला धान घेऊन मी नदीकडे वाहून गेलो. कुंता फुटक्या पाळीवर उभी राहून मला शिव्या देत होती. त्या कोणाच्या वाट्याच्या, ते तुम्हीच ठरवा.

लटारू कचेरीत गेला. कारकून म्हणाला, "तुमचे गाव बुडीत यादीत आहे. दुरुस्ती मंजूर होत नाही."

"मंग आमीच बांधतो ना भाऊ."

"सरकारी तलावाला हात लावाल तर गुन्हा होईल."

पाळ फुटून आता पाच वर्षे झाली; गेल्या वर्षी धरण रद्द झाले. नदीत एक दगड पडला नाही. यादी मात्र कायम! जिथे विहिरीच्या तळाला बादली घासते, ते गाव, साहेब, तुमच्या कागदावर बुडालेले आहे. लटारू रानात बांबू तोडतो. कुंताचे जाळे उंदीर कुरतडतात.

मित्रांनो, तलाव एकदा बांधून भागत नाही, तो दर वर्षी बांधावा लागतो. मोठे झाल्यावर खुर्चीत बसाल, तेव्हा एवढे ध्यानात ठेवा.

आणि साहेब, पावसाला महिना उरला आहे. आज माझ्या पाळीवर सारे गाव फावडी घेऊन उभे आहे. कुंता सर्वांच्या पुढे आहे. तुमच्या हुकमाची वाट आता कोणी पाहणार नाही. यादीतले नाव खोडता, की स्वतःचा तलाव बांधला म्हणून या माणसांना बेड्या घालता? बोला.