एकोणचाळीस नंबरचा पाय

"पोट आत घ्या, दादा. वाकताना बटण तुटलं तर फोटोत तेच दिसेल," मिर्ता फोटोवाली म्हणाली. रोसेन्दोने मुकाट्याने पोट आत घेतलं.

जानेवारी म्हणजे तुकुमानचा भर उन्हाळा, अंगाची नुसती लाही. उद्यानातल्या गुलाबांनीसुद्धा माना टाकल्या होत्या. तरी कमानीपाशी घेरदार झगे घातलेल्या मुलींची रांग लागली होती आणि प्रत्येकीमागे घाम पुसणारी आई उभी होती. पंधरा पूर्ण झालेल्या मुलीचे फोटो या बागेत निघाले नाहीत, तर ती पंधराची झाली असं या गावात कुणी मानतच नाही. त्यातला मोठा फोटो बापाचा. गुडघ्यावर बसून तो मुलीचे सपाट बूट काढतो आणि तिच्या पायात पहिले उंच टाचांचे बूट घालतो.

रोसेन्दो बसडेपोत मेकॅनिक होता. नखांतलं ग्रीस निघावं म्हणून आठवडाभर तो लिंबाने हात घासत होता. नेलिदाशी संसार थाटून तो तिच्या घरात आला तेव्हा तिची मुलगी ब्रेंदा तीन वर्षांची होती. तिला सायकल त्यानेच शिकवली, तापात उशाशी तोच बसला. ती त्याला 'रोसे' म्हणायची, पपा कधीच नाही. त्याचं आपल्याला काही वाटत नाही, असं तो सांगत असे. गेल्या महिन्यात तिने आपणहून विचारलं होतं, "रोसे, बूट तू घालशील ना?" त्या दिवशी डेपोत तो शीळ घालत हिंडला.

आता त्याने ब्रेंदासमोर गुडघा टेकवला आणि तेवढ्यात फाटकाशी टॅक्सी थांबली. पांढरा शर्ट, काळा चष्मा, हातात बुटांचा खोका. ब्रेंदाचा जन्मदाता फाबियान. बारा वर्षांपूर्वी हा ब्वेनोस आयरेसला गेला, तो फोनवरच उरला. तेही लेकीचा वाढदिवस आठवला तर.

"माझी राणी!" तो लांबूनच ओरडला. ब्रेंदा झगा उचलून धावली.

नेलिदा पांढरीफटक पडली. "याला कुणी बोलावलं?"

"मी," ब्रेंदा म्हणाली. "येईल असं वाटलंच नव्हतं. म्हणून सांगितलं नाही."

फाबियानने रोसेन्दोच्या पाठीवर थाप मारली. "काय मेकॅनिक, अजून बसखालीच झोपतोस का? ऊठ आता. बाप आलाय."

रोसेन्दो उठला. त्याला त्या माणसाच्या तोंडात तो चष्मा कोंबावासा वाटला. नेलिदाने त्याचं मनगट आवळलं. "आज नको. पोरीचा दिवस आहे."

खोक्यातून चंदेरी बूट निघाले. रोसेन्दोला बघताक्षणी कळलं. "एकोणचाळीस लागतो तिला. हे छत्तीसचे आहेत."

"चामडं सैल होतं रे. तुला टायर कळतात, बायकांचे बूट मला कळू देत."

"तिला घातलेस तर फोड येतील."

"रोसे, गप्प बस ना!" ब्रेंदा म्हणाली. "एक फोटो तर आहे."

"दादा, जरा बाजूला," मिर्ता म्हणाली. "तुमची सावली पडतेय झग्यावर."

तो बाजूला झाला. फाबियानने टाच धरून बूट दाबला, आणखी दाबला. ब्रेंदाने ओठ चावला. "हसा!" मिर्ता म्हणाली, आणि ती हसली. डोळ्यांत पाणी होतं; मिर्ता म्हणाली, वा, किती छान, भरून आलंय. मग दोघांचे कारंज्यापाशी, पुतळ्यापाशी, कमानीखाली फोटो झाले. ती पाऊल नीट टेकवत नव्हती. बापाला ते दिसलं नाही. रोसेन्दोला दुसरं काही दिसत नव्हतं. त्याला फाबियानचा राग होता, गप्प राहिलेल्या नेलिदाचा होता, आणि सगळ्यात जास्त या पोरीचा, तिने असं हसावं याचा.

"संध्याकाळी पार्टीत वाल्स नाचायला भेटू. पहिला नाच बापाचा!" फाबियान म्हणाला. त्याचे मित्र जेवायला त्याची वाट बघत होते; तो टॅक्सीत बसून गेला. मिर्ता पुढच्या मुलीकडे वळली.

ब्रेंदा बाकावर कोसळली. नेलिदा हातगाडीवरून आचिलाता, लालभडक बर्फाचा गोळा, घेऊन आली, खायला नव्हे, टाचेवर बर्फ धरायला. रोसेन्दो पुन्हा गुडघ्यावर बसला. बूट निघता निघेना. त्याने तिचं पाऊल आपल्या मांडीवर घेतलं आणि हळूहळू सोडवलं. टाच सोलवटली होती. रक्त त्याच्या नव्या पँटला लागलं. तोल जाऊ नये म्हणून ब्रेंदाने त्याच्या खांद्यावर हात टेकला होता.

"रागावलास?"

"हो."

"त्याच्यावर?"

"तुझ्यावरही."

तिने झग्यावरची चुणी सपाट केली. मग अगदी हळू म्हणाली, "पहिला वाल्स त्याच्याबरोबर नाचले तर चालेल तुला?"

नेलिदा त्याच्याकडे बघत होती. चालेल म्हण, असं तिचे डोळे सांगत होते. बारा वर्षं तो सगळ्याला चालेल म्हणत आला होता.

"नाही," रोसेन्दो म्हणाला. "चालणार नाही."

आणि तो दुसरा बूट काढायला लागला. ब्रेंदाने तोंड दुसरीकडे वळवलं. पण त्याच्या खांद्यावरचा हात काढला नाही.