सत्तावीस क्रमांकाचे बूच

वाचकहो, पुढील ओळींत एका काचेच्या बाटलीचा जन्म, तिची सेवा, तिची बदनामी आणि अखेर तिच्या नावाचा झालेला निकाल, हे सर्व तिच्याच मुखाने क्रमवार निवेदन करण्यात येत आहे. बाटलीला लिहिता येत नाही, म्हणून लेखणी दुसऱ्याने धरली आहे. तरी चित्त देऊन वाचावे, ही नम्र विनंती.

मित्रांनो, मी एक जुनी बाटली आहे. भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, एका सेक्टरातील शाळेच्या प्रयोगशाळेत माझे आयुष्य गेले. माझे काचेचे बूच माझ्याच गळ्यात फिरवून, घासून बसवलेले आहे. ते दुसऱ्या कोणत्याही बाटलीला नीट बसत नाही. चूक होऊ नये म्हणून कारागिराने माझ्या गळ्यावर आणि बुचावर एकच इंग्रजी आकडा कोरला, 27.

माझ्या पोटात हिराकस होते. फिक्या पोपटी रंगाचे सुंदर खडे! शास्त्रात त्याला फेरस सल्फेट म्हणतात. विज्ञानाच्या शिक्षिका ललिता मॅडम मला टेबलावर ठेवून नववीच्या वर्गाला नावांचे शास्त्र शिकवीत. अणू एकमेकांशी जुळले की रेणू होतो. (इथल्या हिंदी पुस्तकांत याच दोघांना परमाणु आणि अणु म्हणतात. मी आपले मराठी शब्दच धरून चालते.) अणूने इलेक्ट्रॉन दिला किंवा घेतला की त्याचा आयन होतो, आणि आयनाला एकटे राहणे जमत नाही. तो विरुद्ध प्रभाराचा सोबती शोधतो. लोखंडाच्या अणूने दोन इलेक्ट्रॉन दिले तर तो फेरस, तीन दिले तर फेरिक. लोखंड तेच, परंतु रंग निराळा, गुण निराळा आणि नावही निराळे.

एकदा साक्षी नावाच्या मुलीने विचारले, "मॅडम, एक इलेक्ट्रॉन तो दिखता भी नहीं. मंग नाव कावून बदलते?"

मॅडम म्हणाल्या, "घरातलं एक माणूस गेलं तर रस्त्यावरून दिसते का? घरच्याले समजते."

मागच्या बाकावर फडके फिरवीत असलेला हात तेव्हा थांबला. तो हात भय्याजींचा होता. भय्याजी म्हणजे आमच्या प्रयोगशाळेचे परिचर. शिक्षण आठवीपर्यंत, परंतु प्रत्येक बाटलीची जागा त्यांना डोळे मिटून ठाऊक. त्यांची पत्नी भागाबाई त्याच हिवाळ्यात वारली होती.

दर वर्षी चौदा एप्रिलच्या आधी घरोघरी साफसफाई होते. बाबासाहेबांची जयंती म्हटल्यावर घरात जाळे राहून चालत नाही. भागाबाई घर धूत असे आणि भय्याजी प्रयोगशाळा. आम्हा बाटल्यांची बुचे ते एकेक काढीत, धूत आणि पुसून जागेवर बसवीत. दुसरे बूच काढण्याआधी पहिले बसलेच पाहिजे, असा त्यांचा नियम होता. त्या वर्षी मात्र घरही त्यांच्यावर आले. घाई झाली. त्यांनी सगळी बुचे एकाच टबात टाकली, आणि चष्मा राहिला होता घरी.

इंग्रजी 21 आणि 27 यांत फरक केवढा? एका आडव्या रेघेचा. माझे बूच एकवीसला गेले आणि तिचे माझ्या गळ्यात आले. तिच्यात साधे मीठ होते, सोडियम क्लोराइड. सोडियमने एक इलेक्ट्रॉन दिला, क्लोरीनने घेतला, दोघे सुखी. सैल बुचाने मिठाला थोडी ओल धरली, इतकेच. माझे तसे नव्हते. पावसाळ्याची दमट हवा माझ्या पोटात शिरली आणि माझ्या लोखंडाचा आणखी एकेक इलेक्ट्रॉन घेऊन गेली. इकडे कारखान्याच्या भट्ट्या राजहऱ्याच्या खाणीतल्या लाल दगडातून लोखंड सोडवीत होत्या, आणि माझ्या पोटात लोखंड गंजासारखे तांबूस होत होते.

श्रावणात मॅडमनी मला उजेडात धरले. "हे काय जी, भय्याजी? फेरस असं असते का?"

भय्याजींनी माझा गळा पाहिला, बूच पाहिले. गळ्यावर 27, बुचावर 21. ते म्हणाले, "मालच खराब आला असन जी."

त्याच संध्याकाळी त्यांनी दोन्ही बुचांची गुपचूप अदलाबदल करून ती जागेवर बसवली. परंतु तोवर माझे नाव गेले होते. मॅडमनी लाल शाईने नावावर काट मारून पुढे एक प्रश्नचिन्ह काढले. मला शेवटच्या कपाटाच्या तळाला ठेवण्यात आले. मित्रांनो, तेथे मी दोन वर्षे राहिले. कारखान्याचा भोंगा ऐकू येई, वर्ग ऐकू येत, कोणी मला मागत नसे. भय्याजी आठवड्यातून एकदा कपाट उघडून माझी धूळ पुसत.

मग शाळेत मुले कमी झाली आणि ती शाळा दुसऱ्या शाळेत विलीन करण्याचे ठरले. त्याच महिन्यात भय्याजी निवृत्त होणार होते. मॅडम यादी घेऊन बसल्या. ओळख नसलेली बाटली नष्ट करावी, असा नियम.

"सत्तावीस. प्रश्नचिन्हवाली. फेकाच्या पेटीत टाका जी."

भय्याजी मला हातात घेऊन उभेच राहिले.

"कावून थांबले?"

"मॅडम, माल खराब नव्हता आला. बूच म्या बदलवलं. एकवीसचं हिले लावलं. दोन वर्ष झाले, सांगाले हिंमत नाही झाली."

मॅडमनी हातातली यादी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "एकतीस वर्षांत एक बूच चुकलं, अन् तेच तोंडाले लावून बसले होय?"

भय्याजी हसले नाहीत. म्हणाले, "मले जे म्हणाचं ते म्हणा. हिले नका फेकू. हिच्यात काय आहे ते आता समजलं ना?"

मॅडमनी वरचा तांबूस थर खरवडून एका नळीत घेतला. मग खोल खणून आतला खडा काढला. तो अजून हिरवा होता! दोन्ही विरळ आम्लात विरघळवून त्यांत कॉस्टिक सोडा घातला. पहिल्या नळीत गंजासारखा लालसर साका बसला, दुसऱ्या नळीत मळकट हिरवा.

"वर फेरिक, आत फेरस," मॅडम पुटपुटल्या. "दोन्ही एकाच बाटलीत. पोराईले दाखवाले याच्याहून चांगलं काय भेटन?"

त्यांनी नवी चिठ्ठी लिहिली. कारणाच्या जागी थांबल्या. "तुमचं नाव नाही टाकत. बूच बदललं, एवढंच लिहितो."

"टाका ना जी," भय्याजी म्हणाले. "हिचं नाव दोन वर्ष पुसलेलं होतं. माह्यं एका ओळीत येऊन जाऊ द्या."

आता मी दुसऱ्या शाळेच्या फळीवर आहे. वर्षातून एकदा, त्या धड्याच्या दिवशी, मुले मला पाहतात. बाकी दिवस मी एकटीच असते. माझी धूळ आता कोणी पुसत नाही. तिकडे क्वार्टरात एक म्हातारा आपल्या एकट्यापुरता चहा ठेवतो आणि लिहीत बसतो. मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. एक बूच बसवल्याशिवाय दुसरे काढू नका. आणि चुकलेच, तर त्याच दिवशी सांगा. दोन वर्षांत हवा फार आत जाते.

येथे बाटलीचे निवेदन संपले. माझ्या हातून झालेल्या चुकीची ही हकीकत आपण वेळ काढून वाचलीत, याबद्दल सर्व वाचकांचे मनःपूर्वक आभार.

भय्याजी रामटेके
निवृत्त प्रयोगशाळा परिचर, भिलाई