सही केलेले दोन कोरे कागद

शिक्का ठमीच्या मुठीत होता, जांभळ्या शाईनं तिची हनुवटी माखली होती, आणि तो लाकडी दांडा लेकीच्या तोंडातून ओढून काढताना आईला पुन्हा ते ऐकू आलं — "वहिनी, सही केलेला कोरा कागद दुकानाबाहेर जाऊ द्यायचा नाही हं." गोदाम सांभाळणारे काका म्हणाले होते, आणि ती हसली होती. "काका, तुम्ही पंपांच्या नटबोल्टांनाही कुलूप लावाल!" "लावलंय की," म्हणत त्यांनी किल्ल्यांचा जुडगा वाजवून दाखवला होता.

हनुवटी पुसली तरी डाग जाईना. साडेतीन झाले होते. कोर्टाची मुदत पाचपर्यंतची.

नवऱ्याची सवयच तशी — गिऱ्हाइकांकडे बाहेरगावी जायचा, तर ऑर्डरींसाठी लेटरहेडवर आधीच सह्या करून ठेवायचा. खणाची किल्ली काकांकडे. त्या दुपारी काका जेवायला गेलेले, किल्ली खिळ्यावर, ठमी तापानं खांद्यावर फणफणलेली, आणि दारात पंपांच्या कंपनीचा माणूस, किती समजूतदार — "मॅडम, दोन कोरे द्या, ऑर्डर मी तिकडे टाइप करतो, तुम्ही बाळाकडे बघा." तिनं एका हातानं शिक्के मारले होते. दोन.

त्यातला एक कोर्टात उगवला. सहीच्या वर टाइप केलेलं — आम्ही ही एजन्सी स्वखुशीनं सोडत आहोत.

त्याआधी नवऱ्यानं कंपनीवर लावलेला दावा बरा चालला होता. कंपनीनं माल बंद केला तेव्हा कोर्टानं मनाई हुकूम दिला होता, दाव्याचा निकाल लागेपर्यंत पुरवठा थांबवायचा नाही म्हणून. मग हा कागद आला आणि कंपनीचा वकील म्हणाला, दाव्यात दम नाही, हे हरले तर आमचा खर्च कुणाकडून वसूल करायचा? आधी त्याचं तारण द्या. आज पाचपर्यंत दिलं नाही तर मनाई उठणार, माल बंद, दुकान बंद. म्हणून नवरा सकाळी घराची कागदपत्रं पिशवीत घालून दुकानातून निघाला. "अगं, अशी काय बघतेस? घर विकायला नाही चाललो, नुसतं ठेवायला चाललोय."

ती बघत होती पिशवीकडे नव्हे... काउंटरकडे. तो कागद कोर्टात आला त्या दिवशी तिथंच नवरा काकांना म्हणाला होता, "किल्ली तुमच्याकडे. किती घेतलेत कंपनीकडून?" काकांनी जुडगा काउंटरवर ठेवला. वाजू न देता. मग एकदाच तिच्या बोटांकडे पाहिलं. त्या दुपारी जेवून परत आल्यावरही तसंच पाहिलं होतं, शाईनं भरलेल्या बोटांकडे. म्हणजे त्यांना ठाऊक होतं. तरी तिचं नाव न घेता ते दुकानातून निघून गेले.

मी दिले — एवढं म्हणायला किती वेळ लागतो? घरी गेल्यावर सांगू, तिनं ठरवलं. पण दुसऱ्याच दिवशी नवऱ्यानं शपथेवर लिहून दिलं, नोकरानं कागद चोरले. आता खरं बोललं की कंपनीची लबाडी उघडी पडेल, आणि त्याच तोंडानं नवरा कोर्टासमोर खोटा ठरेल. मग दावा? घर? ठमी?

फोन वाजला. नवऱ्याचा होता.

"झालं गं! तारण घेतलं, मनाई कायम. आता त्या म्हाताऱ्याला साक्षीला खेचतो."

"काका फोन उचलत नाहीत. तीन दिवस झाले."

"लपून बसला असेल."

"आज तर फोन बंदच आहे," ती म्हणाली, पण तिकडे पेढे आणायचं चाललं होतं.

इतके दिवस तिला धाक होता, काका बोलतील. कुणीतरी दाराशी येईल, सगळ्यांसमोर तिचं नाव घेईल... आणि आता रिसीव्हर ठेवताना तिच्या लक्षात आलं की तो धाक कुठं उरलाच नाही. त्या जागी दुसरंच काही आहे, थंडगार — काका बोललेच नाहीत तर? कधीच?

ती वहिनी मीच. मी जायला हवं, कळतं मला. दोनदा चपला घातल्या, दोनदा काढल्या. म्हणून हे ऐकणाऱ्या तुम्हालाच विचारते, त्या बाजूनं जाणार आहात का? सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची काकांची खोली. जिना बाहेरून आहे, चौथी पायरी मोडकी, जपून. दार वाजवा. उघडलं तर म्हणा, वहिनींनी विचारलंय, जेवलात का. बाकीचं मी सांगेन, मीच सांगेन. आणि नाही उघडलं तर... नाही, वाजवत राहा. एकटेच असतात. दुपारचे झोपतात ते.