चंद्र मध्येच गप्प झाला तेव्हा

आमच्या थिएटरात बाहुल्या हलवणारे आम्ही चौघंच. बल्गेरियात डॅन्यूबच्या काठावरचं आमचं गाव लहान, थिएटर त्याहून लहान, पण रविवारी सकाळच्या खेळाला खुर्च्या भरतात. त्या रविवारी ‘चंद्र पळवणारा बोकड’ चालू होतं. बोकड सावाकाकांच्या हातात, चंद्र माझ्या. आवाज मात्र माझा नव्हता. तो रायनामावशींचा, रेकॉर्ड केलेला. रायनामावशी म्हणजे सावाकाकांची बायको. त्या गेल्या, तरी चंद्र त्यांच्याच आवाजात बोलत राहिला, आणि गावातल्या पोरांना दुसरा चंद्र ठाऊकच नाही.

बोकड चंद्राला पोत्यात कोंबतो तेव्हा चंद्र म्हणतो, “न्यायचं तर ने बाबा, पण अंधारात तुझं घर तुला सापडायचं कसं?” त्या दिवशी “पण अंधारात” एवढंच ऐकू आलं आणि आवाज तुटला. संगीत थांबलं. दिवे होते तिथेच निळे राहिले. मी चंद्र हातात धरून उभी, काय करावं कळेना.

“काय रे चंद्रा,” सावाकाका बोकडाच्या आवाजात म्हणाले, “घसा बसला? वर थंडी पडली का फार?”

पोरं खदखदून हसली. पण सावाकाका माझ्या शेजारीच उभे होते. बोकडाला डोलवत ते सारखे वरच्या स्पीकरकडे बघत होते.

वर साउंड-बूथमध्ये नेवेना कॉम्प्युटर पुन्हा चालू करत होती आणि तो तिला ‘कृपया थांबा’ सांगत होता. उरलेला खेळ आम्ही तोंडी उरकला. गाणं सावाकाकांनी स्वतः म्हटलं, बेसूर.

नेवेना आमचं साउंड आणि लाइट बघते. पूर्वी संगीत शाळेत व्हायोलिन शिकवायची; शाळेचा तो वर्ग बंद झाला तशी इकडे आली. कॉम्प्युटर नगरपालिकेच्या कुठल्यातरी ऑफिसानं मोडीत काढलेला होता. तो बंद पडायचा हे नवीन नव्हतं, पण इतके दिवस तालमीत पडायचा, नाहीतर मध्यंतरात. खेळात पडायला त्यानं अलीकडेच सुरुवात केली होती.

खेळ संपल्यावर डायरेक्टर गेरोवसाहेब मेकअपच्या खोलीत आले.

“नेवेना, हे असं कितीदा व्हायचं?”

“मी तुम्हाला तेच विचारत होते, साहेब.”

“नवीन कॉम्प्युटरसाठी मी लिहिलंय पालिकेला. पुढच्या वर्षी बघू म्हणाले.”

“पुढच्या वर्षीपर्यंत चंद्र काय खुणा करेल?”

गेरोवसाहेबांनी खुर्ची ओढली. वाईट माणूस नाही, पण बदल म्हटलं की ते आधी ‘नको’ म्हणतात.

“मला त्याच्यातली सिस्टीमच बदलायची आहे,” नेवेना म्हणाली. “लिनक्स घालते. फुकट आहे. जुन्या कॉम्प्युटरवर चालतं.”

“तुला येतं?”

“नाही. शिकेन.”

“आणि बिघडलं तर?”

“आत्ता काय ते नीट चाललंय?”

साहेब माझ्याकडे बघू लागले. मी बाहुलीचे दोरे सोडवण्यात गुंतल्यासारखं केलं. शेवटी ते म्हणाले, “शनिवारी खेड्यातल्या शाळांची पोरं येणार आहेत, बसगाड्या ठरल्यात. तोवर जमलं तर ठीक. नाहीतर मी वाचनालयातला लॅपटॉप मागून आणतो, आणि तू या यंत्राला पुन्हा हात लावायचा नाहीस.”

“चालेल,” नेवेना म्हणाली.

पण खरी अडचण साहेब नव्हतेच. दुसऱ्या दिवशी ती कॉम्प्युटरचं झाकण उघडून ब्रशने धूळ काढत होती, तेव्हा सावाकाका जिना चढून वर आले. गुडघ्यांमुळे ते कधी बूथमध्ये येत नसत. मी नेवेनाला खालून कॉफी द्यायला गेले होते, म्हणून तिथेच होते.

“ऐकलं ते खरं? सगळं पुसणार आहेस?”

“सिस्टीम पुसणार आहे, काका. आवाज नाही.”

“रायना त्याच्यातच आहे.”

“मला माहीत आहे.”

“माझ्याकडे घरी तिचे फोटो आहेत. आवाज नाही. तुला कळतंय ना मी काय म्हणतोय?”

नेवेनानं ब्रश खाली ठेवला. “बसा,” म्हणाली. तिनं त्यांना खुर्ची दिली आणि त्यांच्यासमोर एकेक फाईल बाहेरच्या डिस्कवर उतरवली. मग तीच दुसऱ्या डिस्कवर. मग दोन्ही डिस्क स्वतःच्या जुनाट लॅपटॉपला लावून एकेक फाईल त्यांना सुरुवातीपुरती ऐकवली. हेडफोन लावून सावाकाका ऐकत होते आणि प्रत्येकीला बोट वर करत होते. कॉफी गार झाली. शेवटी तिनं एक डिस्क त्यांच्या कोटाच्या खिशात घातली आणि वरून खिशाचं बटण लावलं.

“ही तुमच्या घरी. आता मी इथे काहीही मोडलं तरी ती तुमच्याकडे आहे.”

“मोडू नकोस म्हणजे झालं,” काका म्हणाले आणि कठडा धरून खाली उतरले.

तिनं लगेच पुसलं नाही. आधी लिनक्स पेनड्राइव्हवरून नुसतं चालवून पाहिलं, कॉम्प्युटरच्या आतलं काहीही न बदलता. ते चालू ठेवून आम्ही सबंध तालीम केली, एका छोट्या स्पीकरवर. कॉम्प्युटर एकदाही रुसला नाही. नेवेना म्हणाली, “म्हणजे यंत्र धडधाकट आहे. डोकं तेवढं फिरलंय.” मग तिनं जुनी सिस्टीम पुसली आणि नवी घातली. ते काम जेवणाच्या सुट्टीत झालं, इतकं सोपं की आम्हाला वाटलं संपलं.

संपलं कुठलं. स्पीकरकडे आवाज नेणारा जो डबा असतो, त्यातून नुसती खरखर येऊ लागली. बोकडाचं गाणं तव्यावर काहीतरी तडतडतंय तसं ऐकू यायचं. शिवाय जुन्या प्रोग्राममध्ये खेळाची जी सगळी मांडणी होती, म्हणजे कुठल्या वाक्यानंतर कुठला आवाज आणि कुठला दिवा, ती नव्या प्रोग्रामला वाचताच येईना.

मी म्हटलं, “नेवे, साहेबांना सांगून टाक. लॅपटॉप आणू दे त्यांना.”

“खरखर म्हणजे आवाज येतोय,” ती म्हणाली. “मुका असता तर मी घाबरले असते.”

तिनं लिनक्सवाल्यांच्या एका बल्गेरियन मंडळाच्या पानावर प्रश्न टाकला. उत्तर आलं: ‘आधी वाच, मग विचार.’ खाली एका लांबलचक लेखाचा पत्ता. मला राग आला. मी म्हटलं, असल्यांना दोन शब्द सुनावायला हवेत. नेवेनानं मात्र तो लेख छापून काढला आणि सकाळभर वाचला, चष्मा कपाळावर, पेन्सिल दातात, जशी ती पूर्वी नवीन सुरावट बसवायची तशी. दुपारी तिनं परत लिहिलं: अमुक वाचलं, तमुक करून पाहिलं, आता खरखर कमी आहे पण ढोल वाजला की परत येते. या वेळी तोच माणूस एकदम मऊ झाला. त्यानं लिहिलं, ‘ताई, तुमचं यंत्र म्हातारं आहे, त्याला इतक्या घाईनं आवाज मागू नका. साठवायला थोडा जास्त वेळ द्या.’ आणि कुठला आकडा वाढवायचा ते सांगितलं.

नेवेनानं आकडा वाढवला. ढोल लावला. स्वच्छ वाजला. तिनं तो इतक्या वेळा लावला की खालून तिकीटवाल्या बाई ओरडल्या, “लग्न आहे का वर कुणाचं?”

राहिली मांडणी. ती हातानंच नव्याने करायची होती. आवाजाचे कापलेले तुकडेही जुन्या प्रोग्रामनं आपल्याच पद्धतीनं बांधून ठेवले होते. शाबूत होती ती मूळ लांब रेकॉर्डिंग्ज. त्यातून चंद्राचं प्रत्येक वाक्य पुन्हा कापायचं. कुठे श्वास ठेवायचा, कुठे नाही, हे नेवेनाला ठाऊक नव्हतं. रेकॉर्डिंग झालं तेव्हा ती इथे नव्हतीच.

“काका, तुम्ही या वर,” तिनं जिन्यावरून हाक मारली.

“मला नाही ऐकवणार ते सगळं एकसारखं.”

“मग मी माझ्या मनानं कापते. चुकलं तर मला बोलायचं नाही.”

खाली खुर्ची सरकली. मग जिन्यावर त्यांची पावलं.

मला त्या दिवशी तालीम नव्हती. मी दारात बसून चंद्राच्या काठीला नवीन कापड गुंडाळत होते. मूळ रेकॉर्डिंगमध्ये रायनामावशी नुसत्या चंद्र नव्हत्या. वाक्यांच्या मधे त्या खोकत होत्या, पाणी मागत होत्या, खिडकी लावा म्हणत होत्या. एका ठिकाणी बोकडाचं वाक्य सावाकाकांनी चुकवलं, तर मावशी आपल्या घरच्या आवाजात म्हणाल्या, “सावा, तू ना, लग्नाच्या दिवशीही पादऱ्यासमोर असाच अडखळलास.” मागे कुणीतरी हसलं.

नेवेनानं पटकन आवाज थांबवला. सावाकाका पडद्याकडे बघत होते.

“खरं आहे,” ते म्हणाले. “माझं नाव विचारलं तर मी तिचं सांगितलं होतं.” मग नाक पुसून म्हणाले, “हे नाटकात नको घेऊस.”

“नाही घेत.”

“आणि पुसूही नकोस.”

“काका, मी काहीच पुसत नाहीये. नुसती नक्कल कापतेय. पुढचं सांगा, इथे श्वास ठेवू?”

“ठेव. श्वास घेतल्याशिवाय ती कधी भांडली नाही.”

मग दोघं कामाला लागले. काका बोटानं टेबलावर ठोका द्यायचे आणि नेवेना तिथे कापायची. दोनदा त्यांचं जोरात वाजलं. ती म्हणाली दिवा आधी यायला हवा, ते म्हणाले आवाज आधी, पोरं आधी ऐकतात मग बघतात. काका जिंकले. मी खायला चीजची बानित्सा आणून ठेवली, ती दोघांनी बघितलीही नाही.

शनिवारी बसगाड्या आल्या. गेरोवसाहेब वाचनालयाचा लॅपटॉप काखेत घेऊन बूथच्या दाराशी उभे राहिले. नेवेना त्यांना म्हणाली, “साहेब, तो खाली ठेवा नाहीतर बाहेर उभे राहा. मला हात हलवायला जागा लागते.” ते बाहेर उभे राहिले.

खेळ सुरू झाला. पहिल्याच दृश्यात एक हिरवा दिवा लागला नाही. नेवेनानं तो हातानं लावला आणि पुढे गेली. बोकडानं पोतं उघडलं. मी चंद्र आत घातला. “न्यायचं तर ने बाबा,” रायनामावशी म्हणाल्या, मग तो श्वास, “पण अंधारात तुझं घर तुला सापडायचं कसं?” दिवा त्यानंतर उजळला. पुढच्या रांगेतली एक मुलगी मोठ्यांदा म्हणाली, “नाही सापडणार.” सावाकाकांनी बोकडाला तिच्याकडे वळवलं आणि मान खाली घातली, लाजल्यासारखी. हे नाटकात नव्हतं. खेळ शेवटपर्यंत झाला.

गेरोवसाहेबांनी लॅपटॉप परत नेऊन दिला. जाताना एवढंच म्हणाले, “पालिकेला लिहिलेलं मी मागे घेत नाही हं.”

“घेऊ नका,” नेवेना म्हणाली. “नवा आला की त्यावरही हेच घालते.”

पुढच्या आठवड्यात तालमीनंतर सावाकाका पुन्हा वर चढले. शरदात नवीन नाटक येतंय, त्यात एक कोल्हीण आहे, म्हातारी आणि भांडखोर. आम्ही सगळे धरून चाललो होतो की तिच्यासाठीही रायनामावशींच्याच रेकॉर्डिंगमधून काही जुळवायचं.

“कोल्हीण वेला करेल,” काका म्हणाले. वेला म्हणजे मी. “तिच्या आवाजात खवचटपणा आहे.”

“मला कुणी विचारलं का?” मी म्हटलं.

“हे बघ, ऐक,” काका नेवेनाला म्हणाले. “हाच.”

नेवेनानं मायक्रोफोन माझ्यापुढे ओढला आणि हेडफोन कानाला लावला. “बोल काहीतरी, लेव्हल बघते.” मला काही सुचेना. म्हणून मी घरी जाताना आणायचं सामान सांगत बसले, दही, पांढरं चीज, धुण्याची पावडर, आणि ती एका हाताने बटण फिरवत मला दुसऱ्या हाताने खुणावत राहिली, अजून, अजून बोल.